बाग चांगली आहे हे ठरवायचं कसं? सार्वजनिक उद्यानांच्या पाहणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या भागातल्या बागेची पाहणी करायला निघालेले रहिवासी, प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि अधूनमधून उद्यान विभागातली मंडळीही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ज्या मुद्द्यांवर पाहण्या हमखास चुकतात, त्यांची उत्तरं लांबली आहेत. बाकीची दोन-चार ओळींत उरकली आहेत.

दर्जा आणि सर्वसमावेशकता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

हो. पाहणीच्या तक्त्यात त्यांचे रकाने वेगळे ठेवा. आहे ती गोष्ट कोणत्या अवस्थेत आहे, हा दर्जाचा प्रश्न. ती कोणाच्या वाट्याला येते, हा समावेशकतेचा. मखमली हिरवळ राखली आहे आणि तिच्या चारही कोपऱ्यांना ‘हिरवळीवर बसू नये’ अशा पाट्या आहेत, तर पहिल्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण जातील आणि दुसऱ्यात भोपळा.

उलटही होतं. मोडक्या कठड्याच्या, धुळीच्या मैदानात सगळ्या वयाची माणसं संध्याकाळभर रमलेली दिसतात. ‘लोकांना चालतंय ना’ म्हणून त्या मैदानाकडे दुर्लक्ष होतं, तेव्हा तोही अन्यायच. जे येतात त्यांनी दुसरा पर्याय नसल्यामुळे जुळवून घेतलेलं असतं.

पाहणीची सुरुवात कुठून करायची?

बागेच्या बाहेरून. जवळच्या बसथांब्यापासून किंवा चौकापासून बागेच्या फाटकापर्यंत चालत या आणि वाटेत काय काय आडवं येतं ते लिहा. तुटलेला पदपथ, ओलांडता न येणारा रस्ता, फाटकासमोर लावलेल्या गाड्या. पुष्कळ बागांची दुखणी आतल्या भागात सापडत नाहीत, कारण ती शंभर पावलं आधीच सुरू झालेली असतात.

मग फाटकापाशी दहा मिनिटं नुसते उभे राहा. दुचाकी आत शिरू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी नागमोडी लोखंडी अडसर बसवतात. अशा एका अडसरापाशी मी जुळ्यांची बाबागाडी घेऊन आलेली एक आई पाहिली. तिने गाडी आधी सरळ घालून पाहिली, मग तिरकी, मग एका बाळाला कडेवर घेऊन गाडी उचलायचा प्रयत्न केला आणि शेवटी परत फिरली. तेवढ्या वेळात एक मुलगा स्कूटर शेजारच्या तुटलेल्या जाळीतून आत घेऊन गेला. अडसराचं काम काय आणि तो अडवतो कोणाला, हे त्या दिवशी वहीत एका ओळीत लिहून झालं.

घरापासून बाग किती अंतरावर हवी? याला काही प्रमाण आहे का?

प्रमाणं आहेत, आणि एकाहून जास्त आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ मध्ये ठरलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं ११.७ हे लक्ष्य थेट याच विषयाचं आहे: २०३० पर्यंत सुरक्षित, सर्वसमावेशक आणि पोहोचता येण्याजोग्या हिरव्या सार्वजनिक जागा सर्वांना मिळाव्यात, विशेषतः स्त्रिया, मुलं, वृद्ध आणि अपंग व्यक्तींना. ते मोजताना सार्वजनिक मोकळ्या जागेपर्यंतचं ४०० मीटर चालण्याचं अंतर धरतात. जागतिक आरोग्य संघटनेचं युरोप कार्यालय निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा घरापासून ३०० मीटरच्या आत असावी असं सांगतं. सेसिल कोनायनेंडाइक या नागरी वनीकरणाच्या अभ्यासकाने २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: प्रत्येक घरातून किमान ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांचं छत्र असावं आणि जवळची हिरवी जागा ३०० मीटरच्या आत असावी.

हे आकडे उपयोगाचे आहेत, पण बाग पोहोचण्यासारखी आहे की नाही एवढंच ते सांगतात. पोहोचल्यावर आत काय आहे, याबद्दल ते गप्प असतात. शिवाय नकाशावर कंपासने वर्तुळ काढून हे अंतर मोजणं ही सर्रास होणारी चूक आहे. बागेला एकच फाटक असेल, तर मागच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाला घराच्या खिडकीतून झाडं दिसतात आणि झोक्यापर्यंत जायला मात्र अख्खा वळसा घालावा लागतो. अंतर फाटकापासून आणि चालायच्या रस्त्याने मोजा. मागच्या भिंतीत एक दार काढलं तर एक फूटही जमीन न घेता कित्येक घरं ३०० मीटरच्या आत येतात.

माणसं मोजायची कशी? अंदाजाने चालेल का?

अंदाजाने नको. गजबजलेल्या कोपऱ्याकडे डोळा आपोआप वळतो आणि रिकामा कोपरा नोंदीतून सुटतो.

यासाठी ‘सोपार्क’ नावाची पद्धत अमेरिकेत तयार झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आता जगभर वापरतात. बागेचे आधी छोटे छोटे भाग पाडायचे: खेळणी, चालण्याचा मार्ग, मैदान, बसायची जागा. मग ठरलेल्या वेळी प्रत्येक भागावरून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि दिसेल त्या प्रत्येकाची नोंद करायची: स्त्री की पुरुष; लहान मूल, किशोरवयीन, प्रौढ की वृद्ध; आणि बसलेला, चालणारा की जोरकस हालचाल करणारा. हेच दिवसातून अनेक वेळा, आठवड्यातल्या वेगवेगळ्या दिवशी करायचं. पद्धत सोपी वाटते, पण आधी सराव लागतो. दोघांनी एकाच वेळी स्वतंत्रपणे मोजा आणि आकडे जुळवून पाहा. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला एक जण किशोर म्हणतो आणि दुसरा प्रौढ, तिथे हमखास घोळ होतो.

वेळेबाबत माझा स्वतःचा एक फजितीचा अनुभव आहे. एका बागेला मी सकाळी सातच्या फेरीत जवळपास पूर्ण गुण दिले होते. झाडलेल्या वाटा, भरलेले बाक, हसण्याचे आवाज. पुढच्या आठवड्यात भर दुपारी दोनला सहज डोकावलो तर फाटकालाच कुलूप. दुपारी बारा ते चार बाग बंद. शाळा सुटल्यावर मुलं जेव्हा येऊ शकतात आणि घरकामातून बायकांना जी उसंत मिळते, नेमकी ती वेळ कुलपाआड. तेव्हापासून दुपारची फेरी झाल्याशिवाय मी कुठलाच तक्ता भरून देत नाही.

आमच्या बागेत भरपूर गर्दी असते. म्हणजे बाग चांगलीच ना?

गर्दी कोणाची आहे, ते आधी बघू. पाहणीतला सगळ्यात बोलका आकडा गैरहजेरीचा असतो. वस्तीत कोण राहतं आणि बागेत कोण दिसतं, या दोन यादी शेजारी शेजारी ठेवा.

अमेरिकेतल्या २५ शहरांमधल्या १७४ परिसर-उद्यानांचा मोठा अभ्यास झाला. तिथे लोकसंख्येत साठीपुढची माणसं २० टक्के होती आणि बागेत येणाऱ्यांमध्ये जेमतेम ४ टक्के. म्हातारी माणसं घरात बसणं पसंत करतात, असा याचा अर्थ लावून मोकळं होता येतं. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली: ज्या बागांमध्ये चालण्याचा गोल मार्ग होता, तिथे वापरणाऱ्यांची संख्या ८० टक्क्यांनी जास्त होती. मैदान आणि खेळणी म्हणजेच बाग, असं धरून आखणी केली की ज्यांना खेळायचं नाही त्यांनी तिथे करायचं काय?

बायकांचं प्रमाण हा दुसरा निकष. न्यूयॉर्कमधल्या छोट्या सार्वजनिक जागांवर विल्यम व्हाइट या शहर-अभ्यासकांनी वर्षानुवर्षं कॅमेरा लावून निरीक्षण केलं. जी जागा नीट चालते तिथे बायकांचं प्रमाण सरासरीपेक्षा जास्त असतं, असं त्यांना आढळलं. बसायला जागा निवडताना बायका जास्त चोखंदळ असतात, म्हणून त्यांची संख्या घटली की कुठेतरी बिघडलंय असं समजावं. मी हा निकष कायम वापरतो. तक्त्यातले बाकी वीस रकाने भरायला वेळ नसेल तर एवढा एक भरा.

दहा-बारा वर्षांनंतर मुली बागेतून नाहीशा का होतात?

व्हिएन्ना शहराने हा प्रश्न गंभीरपणे घेतला. तिथे १९९०च्या दशकातल्या अभ्यासात असं दिसलं की नऊ-दहा वर्षांनंतर बागेतल्या मुलींची संख्या झपाट्याने घटते, मुलांची मात्र तशी घटत नाही. कारण शोधायला गेल्यावर खेळाच्या जाळीबंद पिंजऱ्यापाशी उत्तर सापडलं. पिंजऱ्याला एकच दार आणि त्या दाराशी मोठी मुलं घोळक्याने उभी. आत जायचं तर त्यांच्यातून वाट काढायची, आणि बाहेर पडायचं तरी तेच. मुली भांडल्या नाहीत, यायच्या बंद झाल्या.

पुढे शहराने दोन बागा नव्याने आखल्या. एकच मोठं मैदान एका घोळक्याच्या ताब्यात जाऊ नये म्हणून त्याचे लहान लहान भाग केले, पिंजऱ्यांना जास्त दारं दिली, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉलला जागा काढली, वाटा आणि दिवे सुधारले. मुलींची वर्दळ वाढली. मुलांना कोणी हाकललं नव्हतं, हे इथे मुद्दाम सांगायला हवं, कारण ‘मुलींसाठी’ म्हटलं की बैठकीत कोणीतरी लगेच हात वर करून विचारतंच, की मग पोरांनी कुठे जायचं.

तुमच्या बागेत खेळाच्या जागेला दारं किती, घोळका कुठे थांबतो आणि चेंडूशिवाय काही करायला आहे का, या तीन गोष्टी लिहा. गप्पा मारत झुलता येईल असा मोठा झोका, समोरासमोरचे बाक, छोटासा कट्टा: किशोरवयीन मुलींना विचारलं की बहुधा अशाच साध्या मागण्या निघतात. बारा वर्षांवरील मुलांना झोक्यावर मनाई, ही पाटी किती ठिकाणी दिसते तेही मोजा.

बाकांचं एवढं काय तपासायचं? मोजले की झालं.

बाक मोजून होत नाही, त्यावर बसून उठावं लागतं.

एका बागेत छान रंगवलेले नऊ बाक रिकामे होते आणि एक आजोबा रोज झाडाच्या पाराच्या धारेवर बसायचे. दगडी, टोचणारी धार. कारण विचारलं तर म्हणाले, ‘त्या बाकावर बसतो हो मी, पण उठवायला कोण येणार?’ बाक टेकून बसायला गेलं तर गुडघे छातीशी येतील इतका बुटका, पाठ नाही, हाताला धरायला काही नाही. पाराची धार मात्र नेमकी उंचीची. बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर, पाठीला टेकू आणि निदान एका टोकाला हात, एवढं असेल तर बहुतेक वृद्धांचं काम भागतं.

हाताबद्दल एक सावधगिरी. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवतात तो बहुतेकदा कोणी आडवं होऊ नये म्हणून असतो, वर ‘ज्येष्ठांच्या सोयीसाठी’ असं सांगितलं जातं. सोयीचा हात टोकाला बसवूनही होतो.

आणि सावली. प्रत्येक बाकापुढे दोन खुणा करा: सकाळी सावलीत की उन्हात, दुपारी सावलीत की उन्हात. उन्हाळ्याच्या दुपारी सावलीत किती बाक उरतात, तीच बाकांची खरी संख्या.

रॅम्प केला की बाग अपंगांसाठी तयार झाली, असं म्हणता येईल का?

रॅम्प बहुतेकदा फोटोपुरता असतो. उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. मोजपट्टी न्या, मोजा. पायवाट व्हीलचेअरला पुरेल इतकी रुंद आहे का? दोन व्हीलचेअर शेजारून जायच्या तर १८० सेंटिमीटर लागतात. आणि वाट अखंड आहे का? फाटकापासून कारंज्यापर्यंत गुळगुळीत फरशी आणि पुढे खेळण्यांभोवती वाळू असेल, तर व्हीलचेअरवरचं मूल कारंजं बघत बसणार आणि भावंडं खेळणार. आणि व्हीलचेअरवर मूल नसून पालक असेल तर? व्हीलचेअरवरच्या आईला घसरगुंडीच्या पायथ्याशी पोहोचता येतं का, हे तक्त्यांमध्ये क्वचितच विचारलेलं असतं.

दृष्टिहीन व्यक्तीसोबत एक फेरी मारा. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा शोधते, पण छातीच्या उंचीवर वाकलेली फांदी किंवा कलती पाटी काठीला सापडत नाही. वाटेची कड पायाला कळते का, तेही त्यांनाच विचारा. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांसाठी फाटकातूनच बाग बरीचशी दिसणं आणि एखादा शांत कोपरा असणं मोलाचं ठरतं.

अपंग व्यक्ती सोबत नसेल तर हा भाग भरू नका. रिकामा ठेवा आणि का रिकामा आहे ते लिहा.

स्वच्छतागृह बागेच्या दर्जात मोजायचं का?

सगळ्यात आधी. ते नसेल किंवा कुलूपबंद असेल तर लहान मुलं, गरोदर बायका, मधुमेही, वृद्ध यांची बाग अर्ध्या तासाची होते. ‘आहे’ असं लिहू नका. उघडं आहे का, आत पाणी आहे का, कडी लागते का, दिवा लागतो का, आणि किल्ली असेल तर ती कोणाकडे आणि तो माणूस सापडतो का, हे लिहा.

दिवे वाढवले की बाग सुरक्षित वाटते का?

थोडीफार. लख्ख दिव्याच्या पलीकडे गडद काळोख असेल तर भीती उलट वाढते. उजेड सारखा पसरलेला हवा आणि समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता यायला हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नजर: रस्त्यावरून बाग दिसते का आणि बागेतून रस्ता?

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९७०च्या दशकात ती बाग अमली पदार्थांच्या विक्रीचा अड्डा झाली होती. बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कुंपण आणि दाट झुडपं, आत जायला मोजक्या वाटा. म्हणजे आत काय चाललंय ते बाहेर कळत नव्हतं आणि आत अडकलं तर निसटायला वाव नव्हता. वर उल्लेख केलेल्या व्हाइट यांनी बाग मोकळी करा, नजर आतपर्यंत पोहोचू द्या असं सुचवलं. १९८८ मध्ये बाग बंद करून नव्याने बांधली आणि १९९२ मध्ये उघडली. झुडपं गेली, वाटा वाढल्या, स्वच्छतागृहं सुधारली आणि हव्या तिथे उचलून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या आल्या. खुर्च्या चोरीला जातील ही शंका प्रत्येक सभेत निघते, तिथेही निघाली असणार. खुर्च्या अजून तिथेच आहेत.

गुण कसे द्यायचे?

तयार चौकट हवी असेल तर ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकात सुरू झालेला ‘ग्रीन फ्लॅग’ हा मानांकनाचा कार्यक्रम पाहा. त्यात स्वागतशीलता, सुरक्षितता, देखभाल आणि स्वच्छता, पर्यावरण, जैवविविधता आणि वारसा, लोकसहभाग, लोकांपर्यंत पोहोचणं आणि व्यवस्थापन असे आठ विभाग आहेत. परीक्षक कागदपत्रंही तपासतात आणि जागेवरही फिरतात. देखभालीच्या बाबतीत ही चौकट भक्कम आहे. कोण येत नाही, या प्रश्नाला त्यात मला हवी तेवढी जागा दिसत नाही.

स्वतःचा तक्ता केलात तर सरासरीपासून जपा. दहा बाबी, प्रत्येकीला पाच गुण. नऊ बाबींना पाच आणि ‘व्हीलचेअरने आत जाता येतं का’ याला शून्य. बेरीज ४५, म्हणजे ९० टक्के, बाग ‘उत्कृष्ट’. ज्याला फाटकातूनच परत जावं लागलं त्याने हे प्रशस्तिपत्र कुठे लावायचं? म्हणून काही बाबी अटीच्या धरा: प्रवेश, स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, सुरक्षितता. त्यांपैकी एकीतही बाग नापास झाली तर एकूण गुण जाहीर करायचेच नाहीत, फक्त काय अडलं ते लिहायचं. फुलांच्या ताटव्याने बंद स्वच्छतागृहाची भरपाई होत नाही.

जे येतच नाहीत, त्यांना विचारणार कसं?

बागेबाहेर जाऊन. बागेत फॉर्म वाटले की बागेवर खूश असलेलीच माणसं भेटतात. शाळेच्या दाराशी, दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर, बसथांब्यावर उभे राहा. ‘बाग आवडते का?’ असं विचारलं की लोक सौजन्याने हो म्हणतात. ‘शेवटचं कधी गेला होता आणि किती वेळ थांबलात?’ असं विचारा. मग पुढची माहिती आपोआप येते: सून कामावर असते, नातवाला एकटीने सांभाळवत नाही, तिथले पहारेकरी आम्हाला हटकतात, कुत्र्यांची भीती वाटते. हटकण्याची तक्रार विशेष जपून नोंदवा. नियम सगळ्यांना सारखा लावला जातो, की कपडे पाहून?

लहान मुलांचे फोटो काढले तर चालतं का?

नको. पालकांची परवानगी असली तरी चेहरे नकोत. रिकाम्या झोक्याखाली घासून पडलेला खड्डा टिपा, तो किती वापर आहे ते सांगतो.

झाडी दाट असावी की मोकळी?

दोन्ही, पण जागा पाहून. चालायच्या वाटेलगत झुडपं कमरेच्या खाली आणि फांद्या डोक्याच्या वर असाव्यात. लांबच्या कोपऱ्यात पालापाचोळा, वाळका ओंडका, दाट जाळी राहू द्या, पक्षी आणि कीटक तिथेच राहतात. असा कोपरा परीक्षकाला ‘अस्वच्छ’ वाटून गुण कापले जातात, म्हणून तो मुद्दाम राखला आहे का हे माळ्याला विचारल्याशिवाय शेरा लिहू नका.

बाग सुधारली की आसपासची घरं महागतात. मग सुधारणा कोणासाठी?

शंका रास्त आहे. न्यूयॉर्कमध्ये जुन्या रेल्वेमार्गावर केलेली हाय लाइन ही बाग २००९ मध्ये उघडली, नावाजली गेली, आणि तिच्या आसपासच्या जागांच्या किमतीही चढल्या. म्हणून एकच दिमाखदार बाग करण्यापेक्षा अनेक वस्त्यांमधल्या लहान बागा एकाच वेळी नीट करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्यात उद्घाटनाचा मोठा सोहळा होत नाही, एवढाच तोटा. पाहणीत याची दखल घ्यायची तर सुधारणेआधीच्या नोंदी जपा. तीन वर्षांनी तीच माणसं येतात का, हे त्याशिवाय कळणार नाही.

अहवाल दिला आणि काहीच झालं नाही, असं नेहमी होतं. काय करावं?

अहवाल बहुधा फार जाड असतो. सापडलेल्या गोष्टींचे तीन ढीग करा. माळी किंवा पहारेकरी याच आठवड्यात करू शकतील ते पहिल्यात: कुलूप उघडणं, फांदी छाटणं, बाक सावलीत सरकवणं. देखभालीच्या खर्चातून होईल ते दुसऱ्यात. रचनाच बदलावी लागेल ते तिसऱ्यात. पहिला ढीग बैठकीत न नेता जागेवरच, काम करणाऱ्या माणसासमोर वाचून दाखवा. बाग त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असते आणि त्याला कोणी विचारलेलं नसतं.

मग पुन्हा मोजा. तोच वार, तीच वेळ, तोच हंगाम. पावसाळ्यातली मोजणी उन्हाळ्यातल्या मोजणीशेजारी ठेवून ‘वापर घटला’ असं लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. त्या नागमोडी अडसराच्या बागेत दुसऱ्या मोजणीला गेलो तेव्हा अडसर काढून रुंद दार बसवलं होतं. अर्ध्या तासात चार बाबागाड्या आत गेल्या. स्कूटरवाला मुलगा अजूनही तुटलेल्या जाळीतूनच जात होता. जाळी दुसऱ्या ढिगात होती.